पुढच्या इयत्तेत

बुधवारी ओडेसा ट्रॅमलबाईंचा उपास असे. शाळा सुटल्यावर घोटभर पाणी पिऊन त्या वर्लीनच्या घरी गेल्या. वर्लीन भुईमुगाच्या शेंगा उकडत होती. "बुधवारी येता म्हणजे मला काही वाढायला नको, मिस ओडेसा," असं म्हणत तिनं खुर्ची पुढे केली.

बाईंना हसता आलं नाही. राजधानीत नवा कायदा येऊ घातला होता. शिक्षकांनी स्वतः शाळा काढावी, स्वतःच चालवावी, खर्च सरकारनं द्यावा. बाई धरून गावातले पाच शिक्षक त्यासाठी तयार होते. मूल वाचायला लागल्याशिवाय त्याला वर ढकलायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. शुक्रवारी या कायद्यावर विचार करणाऱ्या समितीपुढे बाईंना दोन मिनिटं मिळणार होती, आणि त्यांना वर्लीनच्या मुलाबद्दल, डेमॅरिअसबद्दल, बोलायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मासळीच्या कारखान्यात फरशी धुताना त्यानं सफाईच्या रसायनांच्या दोन बाटल्या एकाच बादलीत ओतल्या. खोली बंद होती. विषारी वाफेनं विसाव्या वर्षी पोर गेलं. वर्लीन अजून म्हणायची, घायकुताच होता माझा लेक.

"घाई नव्हती गं," बाई हलकेच म्हणाल्या. "बाटलीवरचं त्याला वाचता येत नव्हतं."

वर्लीननं शेगडी बंद केली. बारावीचं प्रमाणपत्र आहे त्याचं, ती म्हणाली. दर रविवारी चर्चमध्ये बायबल उघडून माझ्याशेजारी उभा राहायचा, एक शब्द चुकायचा नाही.

"तू घरी मोठ्यानं वाचायचीस. ऐकून पाठ होतं त्याला."

वर्लीननं शेंगांच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग तिनं विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"तिसरीपासून."

"मग चौथीत कोणी घातलं?"

मुख्याध्यापकांना निकाल चांगला हवा असायचा, मूल मागे ठेवलं तर हिरमुसतं, सगळेच असं करतात; हे सारं बाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"मी. सही माझीच आहे."

"सांगा मग तिथं," वर्लीन म्हणाली. "पण त्याच्यापासून नाही. तुमच्या सहीपासून सुरुवात करा." आणि तिनं दार उघडून धरलं.

बाकीच्या चौघांनी बाईंना परोपरीनं विनवलं. सहीचं बोललात तर कायदा बुडाला समजा, आपली शाळाही गेली. बाई ऐकून घेत राहिल्या.

शुक्रवारी त्यांनी सहीपासूनच सुरुवात केली. समितीचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुम्हीच असं केलंत, तर तुमच्या हाती शाळा का द्यावी?"

"आजवर मी मुख्याध्यापकांच्या आड लपले, ते निकालाच्या आड. आमच्या शाळेत लपायला जागा नसेल, साहेब. सही माझी आणि लाजही माझीच."

"अशा किती मुलांना पुढे ढकललंत?"

बाईंनी आकडा सांगितला नाही. त्या नावं सांगू लागल्या. टायरेल. जोवीटा. लुशियस. जुळी रॅन्डल भावंडं. वेळ संपल्याची घंटी वाजली. मागे बसलेल्या चार शिक्षकांनी माना खाली घातल्या. त्यांनाही आपापली नावं आठवत होती. घंटी पुन्हा वाजली. बाईंचा आवाज चढला नाही, थांबलाही नाही. अजून सोळा वर्षांत पुढे ढकललेली मुलं बाकी होती.