नाचणीवरची माळ

माझा धाकटा भाऊ जिवा मेला तेव्हा मी रडले नाही. मला हेमंतशेठला रडवायचं होतं आणि त्यासाठी डोकं थंड हवं होतं.

हेमंतशेठचं मोखाड्यात मेडिकल. भिवंडीच्या वीटभट्टीवर जिवाची कंबर धरली, तेव्हा या शेठने डॉक्टरची चिठ्ठी न बघताच दुखण्याची कडक गोळी दिली. कंबर सुटली, गोळी सुटली नाही. एक दिवस नसली तरी जिवाला घाम फुटायचा, हातपाय ओढायचे. मी पाड्यावरची आशाताई, आरोग्य खात्याची. लोकांच्या पोरांच्या डोसांची आठवण ठेवते आणि सख्ख्या भावाच्या अंगात काय शिरलंय ते मला वर्षभर कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कळलं तेव्हा दुकानात जाऊन मी शेठच्या पाया पडले. "त्याला देऊ नका." त्याने मान डोलावली आणि देत राहिला. वर झोपेच्या गोळ्याही द्यायला लागला. नवरात्रात एका सकाळी जिवा उठलाच नाही. मी त्या माणसाच्या पाया पडले होते, हे मला आजही जाळतं.

पोलिसांसमोर शेठ म्हणाला, "हा माणूस माझ्या दुकानात कधी आलाच नाही. पुरावा आहे का?"

पुरावा नव्हता. बिल त्याने कधी दिलंच नव्हतं.

बाराव्यानंतर मी जिवाच्या बायकोला, नवशीला, भेटायला शेतावर गेले. आमच्याकडे नाचणी पिकत आली की शेतावर दोरी ताणतात आणि चमकणारं जे मिळेल ते बांधतात. वाऱ्याने ते वाजतं, पाखरं बसत नाहीत. नवशीच्या दोरीवर गोळ्यांची रिकामी पाकिटं चमकत होती, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

"ही कुठली गं?"

"तुझा भाव गोळ्या खाऊन पाकिटा टाकायचा, मी उचलून बांधायची," ती म्हणाली. "मना काय ठावं, ताई. पाखरा भितात म्हणून बांधली."

मी एक पाकीट उलटं केलं. दुकानदार सुट्या गोळ्या कापून देतो तेव्हा बॅच नंबरचा तुकडा बहुतेक त्याच्याकडेच राहतो. जिवाला मात्र हावरटाने अख्खी पाकिटं विकली होती. सगळ्यांवर नंबराचा ठसा शाबूत होता.

"नवशी, ही माळ मला दे."

"आन् पाखरा?"

"यंदा खाऊ दे."

ती नाचणी म्हणजे तिचं वर्षाचं खाणं. तिने एकदा शेतावरून नजर फिरवली. मग विळ्याने दोरी कापून तिने माझ्या हातात दिली.

मी पालघरला जाऊन माळ औषध निरीक्षकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ठोक विक्रेत्याकडून कागद मागवले. त्या बॅचचा माल शेठच्याच दुकानात आला होता आणि विक्रीच्या नोंदीत एकही चिठ्ठी नव्हती. आठवडी बाजाराच्या दिवशी, भरल्या गर्दीत, दुकानाला सील लागलं. पोलीसही आले होते. मी मुद्दाम पुढे उभी होते.

शेठ सगळ्यांदेखत माझ्या पायांवर वाकला. "ताई, साहेबांना सांगा. माझी पोरं उघड्यावर येतील."

मी पाय मागे घेतले नाहीत. त्याला पुरतं वाकू दिलं. मग त्याने माझ्यापुढे डोलावली होती तश्शी मी मान डोलावली आणि साहेबांना काहीच सांगितलं नाही. गोड वाटलं, खोटं कशाला बोलू?

तशीच नवशीकडे गेले. नाचणी खुडून झाली होती. अंगणात कणसांचा ढीग पडला होता, दरवर्षीच्या निम्मासुद्धा नाही.

"शेठला नेला," मी म्हणाले.

"बरा झाला," ती म्हणाली. हातातलं कणीस तिने उलटसुलट केलं. पाखरांनी ते रिकामं केलं होतं. "पुढच्या साली दोरीला काय बांधू, ताई? आता घरात गोळ्या खाणारा कोण नाय."

मी तिच्याशेजारी बसले आणि तेव्हा रडले.