दुसऱ्या शिट्टीनंतर

मी शिट्टी बोलतेय. पितळेची, पोटात वाटाण्याएवढी गोळी असलेली. मुंबईच्या एका शाळेत पीटीच्या शशिकांत सरांकडे होते. सरांनी रिटायर होऊन भाईंदरला फ्लॅट घेतला, सोसायटीचे सेक्रेटरी झाले, आणि मी त्यांच्या गळ्यात तशीच राहिले. मुलांच्या जागी बायका आल्या, एवढाच फरक.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. पाणी यायचं ते खालच्या एकाच नळाला. पहिल्या शिट्टीला नळ चालू, दुसऱ्या शिट्टीला त्या दिवसापुरता बंद. हंडा अर्धा राहिला, तर ते तुमचं नशीब.

मला वाटायचं, भांडखोर माणसं ऐकत नाहीत, गरीब स्वभावाची ऐकतात. तळमजल्यावरची मंदा भाजीवाल्याशी, नवऱ्याशी, वेळ पडली तर देवाशीही भांडायची. पण मी वाजले की तिचा हात नळावरून खाली. आणि तिसऱ्या मजल्यावरची नवी नवरी पंचशीला, तिचा तर मी आवाजही ऐकला नव्हता.

एकदा चौथ्या मजल्यावरच्या सरूबाई गुडघे धरत उतरेपर्यंत दुसरी शिट्टी झाली. नळाशी पंचशीला होती. तिने आपला अर्धा हंडा बाजूला केला आणि सरूबाईंचा लावला.

"अगं ए, शिट्टी झाली ना," मंदा कुजबुजली.

सरांनी मला पुन्हा फुंकलं, जोरात.

"ऐकू आलं, काका," पंचशीला म्हणाली. नळ चालूच.

"मग?"

"हा भरला की बंद करते."

सरांनी श्वास भरून घेतला. मी तयार राहिले. पण तो श्वास माझ्यापर्यंत आलाच नाही. हंडा भरला. तिने नळ घट्ट पिळला आणि आपला अर्धा हंडा कमरेवर घेऊन जिना चढली.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी तिचा नंबर शेवटी लावला. ती गुपचूप उभी राहायची, सरूबाईंचा हंडा आपल्या पुढे ठेवून. "वेडी पोरगी," म्हणत मंदा तो हंडा पायाने हळूच पुढे सरकवायची. पण शिट्टीच्या आत हं.

पुढे घरोघरी नळ आले. मी मीटरच्या खोलीत, खिळ्याला. पंचशीलाने काशीगावला घर घेतलं. टेम्पो भरून झाल्यावर ती मीटर बघायला आत आली. मला खिळ्यावरून काढलं, पदराने पुसलं, ओठांपर्यंत नेलं. मग स्वतःशीच हसली आणि परत अडकवून गेली.

आयुष्यभर लोकांनी माझं ऐकलं. त्यांचे चेहरे आठवत नाहीत.

काशीगावच्या बाजूला जाणार असाल, तर तिला निरोप द्या. एकदा येऊन मला वाजव म्हणावं. दुसरी शिट्टी नको. पहिली.