फुंकनळीचं तोंड

ऑपरेशन फत्ते झालं असं सगळे म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. तीन वर्षं माझं हृदय वाट्टेल तसं धडधडायचं. सर्जनने छाती उघडून आतली बिघडलेली जागा गोठवली आणि ठोके सुतासारखे सरळ आले. भट्टीपुढे जन्म काढलेल्या माणसाला गारठ्याने बरं केलं, म्हणून वॉर्डात मीच हसत होतो.

मी काच फुंकतो. प्रयोगशाळेचे मोठे चंबू एका दमात फुगवणारा कारखान्यात मी एकटाच, आणि त्याचा मला माज होता, नाही कशाला म्हणू? प्रत्येकाची फुंकनळी वेगळी, तिचं तोंड ज्याच्या त्याच्या ओठांना बसेल असं घासलेलं. दुसऱ्याच्या नळीला कोणी हात लावत नाही.

दोन महिन्यांनी कामावर गेलो. नळी ओठांना टोचली, पण आजारपणात ओठ नाजूक झाले असतील म्हणून दुर्लक्ष केलं. फुंकलं, तर लिंबाएवढा फुगा झाला आणि दम संपला.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, गोठवताना शेजारची नस दुखावली, छातीखालचा श्वासाचा पडदा एका बाजूने हलत नाही. सुधारेल किंवा नाही सुधारणार. हा धोका कागदावर होता आणि खाली माझी सही होती.

सही माझीच. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी सही करताना चष्मा घरी राहिला होता, म्हणून कागद माझ्याच कारखान्यात काच फुंकणाऱ्या धाकट्या भावाने वाचून दाखवला होता, ओळीखाली बोट ठेवून. तेवढीच ओळ त्याने गाळली.

मी त्याला भट्टीपाशी गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, "सांगितलं असतं तर तू त्या टेबलावर झोपला असतास का, दादा? मेला असतास."

खरंच झोपलो नसतो. माझा राग निम्मा उतरला. त्याच्या खांद्यावर हात ठेवणार, तोच त्याच्या हातातल्या नळीकडे लक्ष गेलं. नळी माझी होती. तोंड डावीकडे तिरकं घासलेलं होतं. भावाचा पुढचा दात तुटका आहे, तो नळी डावीकडेच धरतो.

"हे कधी घासलंस?"

तो नळी फिरवत राहिला. मग म्हणाला, "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. दुपारी."

त्या संध्याकाळी तो माझ्या पायथ्याशी बसून पाय चेपत होता. त्याच्या बोटांना लोखंडाचा कीस लागलेला होता. मीच म्हणालो होतो, दमला असशील, घरी जा आता.