मागे बघायचं नाही

"मागे बघ! अगं, मागे बघ ना!"

रविवार सकाळ, दादरचं थिएटर खचाखच भरलेलं आणि सगळी पोरं खुर्च्यांवर चढून नुसती बोंबलतायत. स्टेजवर आपली जुई, वय वर्षं अकरा, हरवलेली सावली शोधायला काळ्या जंगलात आलेली राजकन्या. पाठीमागे चेटकीण. राजकन्येने वळून पाहिलं की तिचा दगड होणार! शेवटी चेटकीणच हरते, काठी तीनदा आपटते, टक टक टक, आणि मगच राजकन्येने वळायचं.

या प्रवेशात जुईची जाम टरकायची. खरं तर चेटकीण कोण, तर अंबिकामावशी! करी रोडला जुईच्याच मजल्यावर राहणारी, विमा कंपनीत टायपिंग करून रिटायर झालेली, जुईला गरम गरम आंबोळ्या वाढणारी. पण एकदा का ते वाकडं नाक चिकटवलं, की मावशी मावशी राहायचीच नाही. तालमीत जुई दोनदा घाबरून वळली, तेव्हा डायरेक्टर यतीनदादा केवढा ओरडला होता!

मावशीने तिला कोपऱ्यात घेतलं. "गो बाय, मी आहे ना तुझ्या पाठी? काठी वाजल्याशिवाय वळायचं नाही. तू वळलीस, तर माझी चेटकीण फुकट गेली."

तेव्हापासून जुई एकदाही वळली नव्हती.

आज मात्र मेकअप रूममध्ये मावशी सोडा पीत बसलेली. घामाने नाकाचा गोंद सुटत होता.

"मावशी, नाक पडतंय तुझं."

"पडूंदे. चेटकिणीला कोण सुंदर म्हणतंय?" मावशी हसली, मग हळूच म्हणाली, "पित्त झालंय गो. यतीनला सांगू नको हां. उगाच खेळ बंद करील, बाहेर पोरं रांग लावून उभी आहेत."

जुईने नाही सांगितलं.

आणि आता ती समोर बघत मोजत होती. वीसला काठी वाजते. वीस झाले. पंचवीस झाले. मागे काहीतरी धप्पकन पडलं. पोरं खदाखदा हसली आणि पुन्हा सुरू, "मागे बघ! मागे बघ!"

रोजचंच ओरडणं. रोजचंच ना?

"वळू नकोस!" विंगेतून यतीनदादा कुजबुजला. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचं मोठं वडाचं झाड, त्याला पलीकडचं काही दिसतच नव्हतं. "पुढचं वाक्य घे, जुई! वाक्य!"

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक चिमुरडी आईला बिलगून रडत म्हणाली, "आई, ती आजी पडली."

आजी? चेटकिणीला कोण आजी म्हणेल? म्हणजे नाक पडलंय. म्हणजे मागे चेटकीण नाहीये, नुसती मावशी आहे.

पाय खिळ्यांनी ठोकल्यासारखे झाले होते. दगड होणं म्हणजे हेच असणार, तिला वाटलं. आणि ती वळली.

मावशी आडवी होती, नाक गालाशी पडलेलं, ओठ निळसर. जुई धावली, गुडघ्यांवर बसली. "मावशी! मी वळले गं. काठी वाजली नव्हती तरी वळले."

मावशीचे डोळे तिच्यावर आले. काठी लांब गेली होती. तिने जुईच्या मनगटावर बोटाने टक केलं. थांबली. पुन्हा टक.

यतीनदादा "पडदा! डॉक्टर आहे का कोणी?" करत धावत आला. पडदा पडला. जुई मनगट तसंच धरून होती, जराही न हलवता. तिसऱ्याची वाट बघत.

ते आलंच नाही.

पडद्याच्या पलीकडे पोरं अजून ओरडत होती, "मागे बघ! मागे बघ!" जुईने सरपटत जाऊन काठी आणली, मावशीच्या हाताखाली ठेवली, आणि तिच्या मुठीवर आपली मूठ धरून एकदा, हळूच, जमिनीवर वाजवली.