ऊर्मिलाची तपासणी

जर्मनीतल्या नेकारसुल्मात लेकाच्या, कपिलच्या, घरामागं दोन बाजांएवढी जागा होती, तिच्यात शोभनाबाईंनी मेथी टाकली होती. आदल्या पावसानं माती वापशावर, खुरपण्याजोगी ओलसर, आलेली. दुपारी खुरपं घेऊन त्या तण काढीत बसल्या होत्या. वर डोंगरावर द्राक्षाचे मळे होते, पण तिकडं त्या चुकूनसुद्धा बघत नसत.

सून मुक्ता लसीचं पिवळं पुस्तक घेऊन दारात आली. बारा वर्षांच्या नातीला, अन्वीला, डॉक्टरीणबाईंनी उद्या सुई सांगितली होती, अन् कपिल म्हणत होता, सुट्टीनंतर बघू, एवढी काय घाई. कसली सुई, असं बाईंनी विचारलं. मुक्तानं नीट समजावलं. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, बहुतेकींना कधी ना कधी लागतो नि आपसूक जातोही. पण अंगात एचआयव्ही असला, तर शरीराला तो सहजी हुसकता येत नाही. मग गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर धरायची भीती फार, तीही लवकर. म्हणून पोरींना आधीच टोचायचं, अन् मोठ्या बायांनी तपासत राहायचं.

बाईंचं खुरपं थांबलं. "तपासलं तर बाई वाचती?"

"वेळेत सापडलं तर वाचते, आई."

बाई मातीतच बसल्या. ऊर्मिला त्यांची धाकटी जाऊ. नवरा ट्रकवर होता, तो तिला एचआयव्ही देऊन गेला. भावकीत सांगितलं, काविळीनं गेला. ऊर्मिलाला त्या आजाराच्या गोळ्या देणाऱ्या सिस्टर सारख्या मागं लागायच्या, हिला दरवर्षी तपासायला आणा म्हणून. गावच्या शाळेत बायांची तपासणी लागली, तो दिवस नेमका द्राक्षबागेत डिपिंगचा. घड औषधात बुडवायचं काम एक दिवस पुढं गेलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं, हे बाईंना तेव्हाही कळत होतं. भीती निराळीच होती. शाळेत सिस्टर ऊर्मिलाला ओळखणार, चार बायांत कुजबुज होणार, घराची अब्रू जाणार.

"मीच म्हनलं तिला, औंदा घड बुडवू, फुडच्या साली जा. गरीब गाय ती. बादली घिऊन निघाली. फुडच्या साली तिला उभं ऱ्हावंना, ह्याच कॅन्सरनं गेली."

"आई, तुम्हाला कुठं माहीत होतं..."

"कॅन्सरचं म्हाईत नव्हतं. अब्रूपायी तिला अडवती, ह्ये म्हाईत हुतं. माझी बाजू घिऊ नगंस."

मुक्ता जवळ येऊन बसली. बाईंनीच सांगितलं, उद्याच पोरीला टोचून आण, कपिलचं मी बघते. मग मातीच्या हातानंच फोन मागितला. ऊर्मिलाची सुरुची आता चौदाची, गावी बाईंच्याच घरात वाढत होती. नवऱ्याला, विष्णूबापूंना, त्यांनी सांगितलं, सुरुचीला तालुक्याला न्या, ही लस मिळत असंल तर टोचून आणा.

बापू चुळबुळले. डेअरीवर दूध घालायला आलोय, चार माणसं आहेत, घरी गेल्यावर बोलू. हिलाच का, असं लोक विचारतील.

"इचारू द्या. फोन मोठा करा."

बापूंनी नाइलाजानं स्पीकर लावला. तिकडची बोलणी थांबली. बाई मोठ्यानं बोलल्या.

"मी शोभना बोलती. सुरुचीची आई शाळंत तपासनीला चालली हुती. मी जाऊ दिलं न्हाई तिला."