भिंतीला लावलेला पडदा

मी पडदा बोलतोय. खिडकीचा नव्हे, भिंतीचा. हसू नका, मला त्याचीच लाज वाटते.

दुकानात होतो तेव्हा एकच स्वप्न होतं: मोठी खिडकी मिळावी, वाऱ्याने फुगावं. नशिबी आला हा लॉज. मालकाने तिसऱ्या मजल्यावरच्या कोंदट खोलीत मला कोऱ्या भिंतीवर टांगलं. मागे दिवा लावला, खालून टेबलफॅन सोडला आणि मी फुगताच फोटो काढला. 'हवेशीर खोली' म्हणून तो जगभर फिरला. दिवा आणि फॅन लगेच खाली गेले. मी तिथेच राहिलो.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. कुलपात किल्ली फिरली की धस्स होतं. प्रवासी येतो, बॅग टाकतो, मला बाजूला सारतो. मग रागाचा हिसका मलाच बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण मी तरी कुठला संन्यासी?

एका दुपारी एक काका-काकू आले. महाराष्ट्रातून, इथे परदेशात शिकणाऱ्या लेकीला भेटायला आलेले. काकूंना दमा, म्हणून फोटोतली खिडकी पाहूनच ही खोली घेतलेली. पाच दिवसांचं भाडं आधीच भरलेलं. काकूंनी मला सारलं, भिंतीवर हात टेकला आणि मटकन खाली बसल्या.

"अहो, कोंडल्यासारखं होतंय मला."

काका तणतणत खाली गेले आणि तसेच परत आले. "पैसे परत मिळणार नाहीत म्हणे. खिडकी आहे असं लिहिलंच नव्हतं, फक्त पडदा दाखवला होता म्हणतो!"

दुसरीकडे जायला पैसे नव्हते, लेकीच्या वसतिगृहात पाहुण्यांना मज्जाव. काकूंनी माझा काठ बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "माझा सुईदोरा काढा."

"आता शिवणकाम?"

"तीस वर्षं तेच शिकवलंय. मी फसले ते फसले, पुढची तरी फसायला नको."

त्यांनी मला काढलं आणि जिन्याजवळ, जरा हवा होती तिथे, खुर्ची मांडली. रोज तिथे बसून, धापा टाकत, त्या माझ्या काठावर निळ्या दोऱ्याने मोठी मराठी अक्षरं भरत राहिल्या. दोऱ्याआधी यांचा श्वास संपतो की काय, या भीतीने माझा जीव वरखाली होत होता. पाचव्या दिवशी त्यांनी मला परत टांगलं, थोपटलं आणि काकांचा हात धरून जिना उतरल्या.

मालकाला ही अक्षरं कुठली यायला? त्याला वाटलं, फुकटात नक्षी मिळाली! पुन्हा दिवा, पुन्हा टेबलफॅन, नवा फोटो.

इतरांचे हिसके अजून बसतात. पण ही अक्षरं वाचणारं कोणी आता इथे फिरकत नाही. बुकिंग का घटलं हे न कळून मालक फोन हातात घेऊन माझ्याकडे टकमक बघत राहतो. एखाद्या दिवशी कोणीतरी त्याला वाचून दाखवेल आणि माझं फरशी पुसायचं फडकं होईल. होऊ दे.

तोवर एवढं करा. परमुलखात खोली शोधताना फोटो बोटांनी मोठा करा आणि माझा काठ वाचा: 'मागे भिंत आहे. पैसे भरू नका. तुमची काकू.'