परतीची चंदी

बाप फौजेच्या रसदखात्यातला, म्हणून कचेरीत तिला सगळे ‘चंदीवाली’ म्हणत; चंदी म्हणजे घोड्यांचा दाणा. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत जुन्या लढायांचे पटावरचे खेळ तयार होत. बाकीचे तोफा आणि सेनापतींवर जीव टाकायचे. गाड्या, घोडे, दाणापाणी हे रटाळ काम हिच्या गळ्यात पडलं होतं, आणि ती ते मनापासून करायची.

या वेळचा खेळ तिच्या वडिलांच्याच लढाईवरचा होता. तेव्हा ते चाळीस घोडागाड्यांचे प्रमुख होते. घाटमाथ्यावरच्या ठाण्यात तीनशे सैनिक अडकले होते आणि त्यांच्यासाठी धान्य न्यायचं होतं. वाटेत बर्फ पडलं, गवत गाडलं गेलं. तिथून ठाणं दहा दिवसांवर. गाडीत चारशे किलो धान्य, आणि गवत नाही म्हटल्यावर गाडीचे दोन घोडे त्यातलंच रोज वीस किलो खाणार. जायला दोनशे, यायला दोनशे. म्हणजे ठाण्याला द्यायला दाणाही उरणार नव्हता. वडील मागे फिरले. ठाण्यातला एकही माणूस वाचला नाही. चौकशी झाली तेव्हा वडिलांनी हाच हिशेब पुढे ठेवला आणि ते सुटले. घरात तो हिशेबाचा कागद काचेत लावलेला होता. त्यावरूनच तिने खेळाचा नियम लिहिला होता: परतीची चंदी राखल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही.

खेळ तपासणारा बुटका आठवडाभर पटाशी झुंजत होता. मंगळवारी दुपारी त्याने गाडीची सोंगटी उचलून ठाण्यावर ठेवली.

“पोचलो.”

“शक्यच नाही. परतीचं काय खातील?”

“परतायचं कशाला? दोनशे किलो उरतात की गाडीमागे. वर ऐंशी घोड्यांचं मांस. तीनशे माणसं बर्फ वितळेपर्यंत आरामात जगतात.”

“अरे, पण घोडे मरतील सगळे.”

“मरू देत ना,” बुटका म्हणाला. “माणसं मोठी की घोडे?”

तिने तीनदा आकडेमोड केली. दर वेळी बुटकाच बरोबर ठरला. एवढी साधी गोष्ट, आणि आपल्याला जन्मभर दिसली कशी नाही?

संध्याकाळी वडिलांना पेज भरवताना तिने विषय काढला. ऐंशी पार केलेला म्हातारा, पण कान तिखट.

“बाबा, परतीचं धान्य राखलं नसतं तर?”

त्यांनी चमचा हाताने बाजूला सारला.

“चौकशीत हे कोणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले.

“तुम्हाला सुचलं नाही तेव्हा?”

“एका गाडीवानाने सुचवलं. म्हणाला, साहेब, जाऊ या, घोडे तिथेच कापू. मी त्याला खडसावून गप्प केलं.”

“घोड्यांवर माया होती म्हणून?” हे विचारताना तिचा आवाज जवळजवळ विनवणीचा झाला. घरात तेच सांगितलं जायचं, बाबांचा घोड्यांवर फार जीव.

“माया कसली गं! एकेकाच्या खुरावर नंबर डागलेला. ऐंशी सरकारी घोडे गेले असते तर जाब मला द्यावा लागला असता. माणसं गेली, ती बर्फाच्या नावावर गेली.” त्यांनी तोंड पुसलं. “एकही जनावर न गमावता परतलो म्हणून बढती मिळाली. पुढच्याच वर्षी फौजेत मोटारी आल्या आणि तेच घोडे कसायाला विकले.”

ती उठली.

“हे खेळात घालू नकोस. मी आहे तोवर तरी,” ते मागून म्हणाले.

ती पेजेचं भांडं घेऊन आत गेली. दोन दिवस काढले. त्या तीनशेंमधल्या कोणाचंही नाव आपल्याला माहीत नाही, हे तिच्या मनातून जाईना. तिसऱ्या दिवशी तिने नियम बदलला आणि पुस्तिकेत दोन ओळी घातल्या: घोडे मारून ठाणं वाचवता आलं असतं. एका गाडीवानाने ते सुचवलं होतं, प्रमुखाने नाकारलं.

छापलेली पुस्तिका तिने स्वतः नेऊन वडिलांच्या हातात दिली. मागाहून कोणाकडून कळण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं. त्यांनी भिंग धरून पान वाचलं, पुस्तिका मिटून उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढे आठवडाभर तिच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. मग शेजाऱ्यांकरवी निरोप धाडून त्यांनी धाकट्या मुलीला बोलावलं आणि तिच्या घरी निघून गेले.

धाकटीचा फोन आला तो चार महिन्यांनी, वडिलांचे अंत्यसंस्कार आटोपल्यावर.

“शेवटपर्यंत तुझं नाव काढू देत नव्हते. एवढं काय केलंस गं तू त्यांना? सारखे घोड्यांबद्दल बोलायचे. किती जीव होता ना त्यांचा?”

चंदीवालीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हो,” ती म्हणाली. “फार.”